आकडे वर जातात. परत काय येते?

सेनगाव तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याची परीक्षा फी माफ व्हावी की नाही, हे त्याच्या गुणांवर ठरत नाही. ते त्याच्या तालुक्यातील पिकापाण्याविषयी शासनदरबारी पोहोचलेल्या आकड्यांवर ठरते. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या वीजबिलात सवलत आणि परीक्षा शुल्काची माफी ओघाने येते. आकडा चुकला, तर यांपैकी काहीच येत नाही. कारखाने आणि बँका यांच्या संदर्भात ‘व्यवस्थापकीय माहितीप्रणाली’ या भारदस्त नावाने जी चर्चा चालते, तिचा अर्थ हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात इतका रोखठोक आहे.

अशी प्रणाली संगणकाबरोबरच जन्माला आली, हा एक गोड गैरसमज आहे. तलाठ्याच्या दप्तरातील एक ते एकवीस गाव नमुने ही पूर्ण विचारांती बांधलेली माहितीप्रणालीच होय. जमीन कोणाची, सारा किती, शेतात पीक कोणते, या प्रत्येक प्रश्नाला त्यांत ठरलेला नमुना आहे. निजामी राजवटीचा वारसा लाभलेल्या मराठवाड्यात तर जुनी खासरा व पाहणीपत्रके आजही पुराव्यासाठी धुंडाळली जातात. नमुन्यामागे एक निश्चित प्रश्न होता आणि त्या प्रश्नामागे एक निश्चित निर्णय होता, हेच या जुन्या व्यवस्थेचे बळ.

पैसेवारी हे तिचे सर्वपरिचित अपत्य. गावातील पिकाचे यंदाचे उत्पादन प्रमाण उत्पादनाशी ताडून ते रुपयात किती पैसे, हे ठरवायचे. खरिपाची नजर पैसेवारी सप्टेंबरात, सुधारित ऑक्टोबरात आणि अंतिम डिसेंबरात. पन्नास पैशांच्या खाली आले की टंचाई, वर गेले की सुकाळ! एका पैशाच्या फरकाने साऱ्या गावाचे वर्ष बदलावे, अशी ही रेषा. साहजिकच नजर पैसेवारी आणि अंतिम पैसेवारी यांच्यातील अंतर हा दरवर्षीच्या वादाचा विषय होऊन बसला.

या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी 1940 च्या दशकातच ओळखला होता. पीक कापणी प्रयोगासाठी शेत कोणते घ्यायचे, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने निवडावे, या पद्धतीचा त्यांनी पाया घातला. मोजणीचा तुकडा फार लहान घेतला, तर कडेची रोपे आत धरली जाऊन उत्पादन वाजवीपेक्षा अधिक दिसते, हेही त्यांनी दाखवून दिले. मोजणाऱ्याची नियत स्वच्छ असली, तरी मोजण्याची रीत चुकली की आकडा खोटे बोलतो, हा त्यातील धडा आहे.

अमेरिकन विचारवंत रसेल अ‍ॅकॉफ यांनी 1967 साली याच विषयावर एक मार्मिक निबंध लिहिला. व्यवस्थापक माहितीच्या अभावाने जेवढे त्रस्त असतात, त्याहून अधिक निरुपयोगी माहितीच्या पुराने असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रणाली कशी चालते हे ती वापरणाऱ्याला कळण्याची गरज नाही, ही समजूतही त्यांनी घातक ठरविली. दर आठवड्याला नवा तक्ता भरून पाठविणाऱ्या शिक्षकाला आणि लिपिकाला हे वेगळे समजावून सांगावयास नको. ज्या आकड्यावर काहीच ठरत नाही, तो निष्काळजीपणे भरला जातो. ज्यावर सर्व काही ठरते, तो वाकविला जातो. माहितीचे हे दोन जुने रोग आहेत आणि केवळ यंत्र बदलल्याने ते बरे होत नाहीत.

तथापि, यंत्राचे ऋण नाकारणेही अन्यायाचे होईल. केंद्राची दुष्काळ संहिता 2016 मध्ये आली आणि महाराष्ट्राने ती 2017 मध्ये स्वीकारली. पाऊस, पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली पिकाची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि पाण्याचे साठे असे अनेक साक्षीदार तिने उभे केले. शिवाय निवडक दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पडताळणी बंधनकारक केली. या निकषांवर 31 ऑक्टोबर 2018 रोजी राज्यातील 151 तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. एका आकड्याच्या साक्षीवर अवलंबून राहण्यापेक्षा हे निःसंशय बरे.

पण या लाभाबरोबर एक दुरावाही आला. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झाला, तो कचेरी लोकांच्या जवळ यावी म्हणून. आज कचेरी जवळ आहे. पण उपग्रहाच्या चित्रांचा अर्थ नागपूरच्या सुदूर संवेदन केंद्रात लागतो. पाऊस मोजला जातो तो महसूल मंडळाच्या केंद्रावर. चोवीस तासांत 65 मिलिमीटरची मर्यादा तेथे ओलांडली गेली, तरच अतिवृष्टी. कयाधूच्या एका काठावर पाऊस कोसळावा आणि दुसरा काठ कोरडा राहावा, हे निसर्गाला मान्य आहे, तक्त्याला नाही. पैसेवारी चुकली तर निदान तलाठ्याला जाब विचारता येत होता. उपग्रहाला जाब कोणी विचारायचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास ई-पीक पाहणी काहीसे साहाय्य करते. 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून, शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र घेऊन नोंद करावी अशी ही योजना. चुकलेली नोंद 48 तासांत स्वतः दुरुस्त करण्याची मुभा पुढे देण्यात आली आणि दहा टक्के नोंदींची तपासणी तलाठ्याकडे सोपविली गेली. ज्याच्याबद्दल माहिती, त्यालाच ती पाहण्याचा व सुधारण्याचा अधिकार हे तत्त्व येथे मान्य झाले. ज्याच्याजवळ चांगला भ्रमणध्वनी नाही वा ज्याच्या शिवारात संपर्क मिळत नाही, त्याची अडचण मात्र शिल्लक आहे.

हे तत्त्व आणखी पुढे न्यावयास हवे. 2025 च्या खरिपापासून पीकविम्याची भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनाशी जोडली गेली. म्हणजे सोयाबीनचे काही मोजके तुकडे अवघ्या मंडळाचे भवितव्य सांगणार. मग ते तुकडे कोणते, कापणी कोणत्या दिवशी, वजन किती भरले आणि त्यावरून निष्कर्ष कोणता निघाला, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे आणि ग्रामसभेत वाचले जावे. हरकत घेण्यास मुदत असावी आणि हरकतीचे लेखी उत्तर मिळावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागते ती केवळ इच्छा.

निर्णय कोणता घ्यायचा आहे, हे आधी ठरवून मगच माहिती मागणे, ही शासनाची शिस्त असली पाहिजे. आणि मागितलेल्या माहितीचे पुढे काय झाले, हे देणाऱ्याला कळविणे हे त्याचे कर्तव्य. आकडे वर जाण्याची वाट आपण चांगलीच रुंद केली आहे. परतीची वाट अजून पाऊलवाटच आहे. ती रुंद होत नाही तोवर औंढ्याचा वा वसमतचा शेतकरी या प्रणालीला आपली म्हणणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही असणार नाही.