एक किलो म्हणजे पाण्याची एक बाटली

पोशेऱ्यात आम्ही गटातल्या बाया अजून नाचणी, वरई पायलीने मोजतो. पण पायलीत धान्य किती मावतं ते कळतं, वजन कळत नाही. एक पायली नाचणी जड, तीच पायली सुक्या मोहाची हलकी. व्यापारी पैसे देतो किलोवर. म्हणून किलो आपल्या हाताला ओळखता आला पाहिजे.

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. एक लिटरची बाटली भरा, हातात धरा. हाच किलो. रिकाम्या बाटलीचं वजन अगदी थोडं. माल विकण्याआधी तीच बाटली व्यापाऱ्याच्या काट्यावर ठेवा. किलोपेक्षा कमी दाखवलं, तर काटा मारलेला असू शकतो. माल घालू नका, वैधमापन खात्याचा शिक्का दाखवायला सांगा.

बाळ जन्मलं की वजन होतं. अडीच किलो म्हणजे अशा अडीच बाटल्या. त्याहून कमी भरलं तर बाळाला उबेत ठेवा, अंगावर पाजा, आशाताईला लगेच सांगा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने बाटली आणा. हातात धरूनच शिकू.