दार उघडले, पण फाइल येईना!

तुळजापूरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात पावसाच्या नोंदींचे मोल किती, हे निराळे सांगायला नको. समजा, तेथील एका शाळेने दहा वर्षांच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी प्रयोगशाळेतील एका संगणकावर साठविल्या आहेत. फाइलींची देवघेव करता यावी म्हणून त्यावर एफटीपी सर्व्हर चालू केला आहे. प्रयोगशाळेतील इतर संगणकांना फाइली चटकन मिळतात. पण सोलापूरला शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्याने तेथून प्रयत्न केला, की काहीच हाती लागत नाही. शाळा म्हणते, ‘आमच्याकडे चालते.’ तो म्हणतो, ‘माझ्याकडे चालत नाही.’ दोघेही खरेच बोलत आहेत! मग बिघाड आहे तरी कोठे?

खोलीचा क्रमांक आणि इमारतीचा पत्ता

तुळजापुरातील भक्तनिवासात खोली क्रमांक ५ असते, तशी पंढरपुरातील भक्तनिवासातही असते. इमारतीच्या आत ‘खोली ५’ एवढे सांगितले तरी पुरते. पण पाकिटावर तेवढेच लिहिले तर पोस्टमन काय करील? प्रयोगशाळेतील संगणकाचा १९२.१६८.१.५ हा पत्ता असाच खोलीचा क्रमांक होय. असे पत्ते जगभर लाखो ठिकाणी वापरात आहेत. बाहेरच्या जगाला दिसतो तो फक्त राउटरचा सार्वजनिक पत्ता.

ही व्यवस्था का करावी लागली? १९८१ साली ठरलेल्या इंटरनेटच्या पत्त्यात ३२ बिट आहेत. त्यामुळे सुमारे ४२९ कोटींहून अधिक पत्ते होऊच शकत नाहीत. ते अपुरे पडणार हे दिसू लागले, तेव्हा एका पत्त्यामागे अनेक संगणक बसविण्याची युक्ती १९९४ साली मांडली गेली. राउटर हा भक्तनिवासाच्या व्यवस्थापकासारखा आहे. आतून कोणी बाहेर निरोप पाठविला, की तो वहीत नोंद करतो आणि उत्तर आले की नेमक्या खोलीत पोहोचवितो. बाहेरून अनोळखी पाहुणा आला, तर कोणत्या खोलीत सोडायचे हे त्याला आधी सांगून ठेवावे लागते. यालाच ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात.

एफटीपीची दोन दारे

एफटीपी मात्र या युक्तीपेक्षा जुनी आहे. कानपूरच्या आय.आय.टी.चे पदवीधर अभय भूषण यांनी अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये असताना १९७१ साली तिचा पहिला आराखडा लिहिला. त्या काळी जाळ्यातील प्रत्येक संगणकाला स्वतःचा पत्ता होता, त्यामुळे एकमेकांना थेट हाक मारण्यात अडचण नव्हती.

एफटीपीत दोन जोडण्या होतात. पहिली पोर्ट २१ वर; तिच्यावरून नाव, पासवर्ड आणि आज्ञा जातात. फाइल किंवा फाइलींची यादी मात्र दुसऱ्या, वेगळ्या जोडणीवरून येते. जुन्या ‘अॅक्टिव्ह’ पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर ग्राहक संगणकाकडे उलट करतो. ती बहुधा ग्राहकाच्याच राउटरवर अडते. ‘पॅसिव्ह’ पद्धतीत सर्व्हर सांगतो, ‘अमुक पत्त्यावर, अमुक पोर्टवर ये.’ हा निरोप सहा आकड्यांचा असतो: १९२,१६८,१,५,१९५,८०. पहिले चार म्हणजे पत्ता. पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवला, की पोर्ट मिळतो: १९५ × २५६ + ८० = ५००००.

आता गोम ध्यानात आली ना? सर्व्हरने सोलापूरच्या विद्यार्थ्याला चक्क खोलीचा क्रमांक कळविला! काही प्रोग्रॅम ही चूक ओळखून सावरून घेतात, पण सगळे नाही. म्हणूनच पासवर्ड मान्य होतो, पण फाइलींची यादी येत नाही.

शोध कसा घ्यावा?

पहिली पायरी: आतून तपासा. आतही चालत नसेल, तर दोष सर्व्हरमध्येच आहे.

दुसरी: खरोखर बाहेरून तपासा. शाळेच्या वाय-फायवर बसून सार्वजनिक पत्ता वापरणे ही बाहेरची चाचणी नव्हे. अनेक राउटर अशी फेरी पूर्ण करीत नाहीत. मोबाइलचा डेटा वापरा.

तिसरी: राउटरला मिळालेला पत्ता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता सारखे आहेत का ते पाहा. नसतील, तर सेवा पुरविणाऱ्या कंपनीचाही एक व्यवस्थापक मध्ये बसला आहे. अशा वेळी आपल्या राउटरवर कितीही खटपट केली तरी व्यर्थ. कंपनीकडून सार्वजनिक पत्ताच मागावा लागतो.

चौथी: पोर्ट २१ कसे उत्तर देते? तत्काळ नकार आला, तर साधारणपणे निरोप पोहोचला, पण ऐकणारा प्रोग्रॅम तेथे नाही. बराच वेळ उत्तरच नाही, तर बहुधा वाटेत फायरवॉल निरोप गिळते आहे किंवा पोर्ट फॉरवर्डिंग चुकले आहे.

पाचवी: पासवर्ड मान्य, पण यादी नाही? दोष दुसऱ्या जोडणीत. सर्व्हरमध्ये सार्वजनिक पत्ता भरा, पॅसिव्ह पोर्टांचा लहान पट्टा ठरवा, उदाहरणार्थ ५०००० ते ५००५०, आणि तेवढाच राउटर व फायरवॉल या दोन्हींत मोकळा करा.

चिडून सारी फायरवॉल बंद करू नये. मूळ एफटीपीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो, हेही विसरू नये. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ साली एफटीपीची सोय काढून टाकली. त्यापेक्षा एसएफटीपी वापरणे चांगले: सारी देवघेव सांकेतिक रूपात, आणि तीही सामान्यतः पोर्ट २२ वरील एकाच जोडणीतून. दुसऱ्या दाराचा प्रश्नच उरत नाही.

भौतिकशास्त्रातील विद्युत्-मंडल तपासताना आपण बॅटरीपासून एकेक बिंदू पुढे सरकत जातो. येथेही तसेच करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत नोंद ठेवावी.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. शाळेने पत्ता दुरुस्त केला आणि वरील पट्टा मोकळा केला. तरीही सर्व्हरच्या निरोपातील शेवटचे दोन आकडे १९५ आणि १४० आले. सोलापूरच्या विद्यार्थ्याला पावसाच्या नोंदी मिळतील का? गणित करा आणि कारणासह उत्तर लिहा.