हलत्या जमिनीवरची जुनी फुलदाणी

आजीच्या काळातील फुलदाणी दिवाणखान्यात कोठे ठेवावी, हा प्रश्न एरवी केवळ सौंदर्यदृष्टीचा असतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत मात्र त्याला आणखी एक बाजू आहे. नोव्हेंबर २०१८पासून या परिसराने भूकंपाच्या सौम्य धक्क्यांची दीर्घ मालिका अनुभवली. धुंदलवाडीच्या आसपास तिचा जोर अधिक होता. फेब्रुवारी २०१९च्या आरंभी एका धक्क्याची तीव्रता चार रिश्टरच्या पुढे गेली. घराबाहेर धावण्याच्या गडबडीत एका बालिकेचा जीव गेला, भिंतींना तडे पडले आणि अनेक कुटुंबांनी थंडीतील रात्री उघड्यावर किंवा तंबूत काढल्या. त्या दुःखापुढे फुलदाणीची कथा क्षुल्लक होय. परंतु उंच फळीवरून डोक्यावर कोसळणारी जड वस्तू हा जिवाचाच प्रश्न असतो. शिवाय जी फुटते, ती पुन्हा घडवता येत नाही.

या किनाऱ्याला परदेशी भांड्यांची ओळख फार जुनी आहे. तलासरीला लागून, आज गुजरातेत असलेल्या संजाण येथील उत्खननात पश्चिम आशियातील निळसर झिलईच्या आणि चिनी भांड्यांचे अवशेष मिळाले. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या समुद्री व्यापाराची ती साक्ष होय. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी चीनशी मोठा व्यापार केला आणि रेशमी गाऱ्यांबरोबर चिनी मातीची भांडीही इकडे आणली. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांतील एखाद्या जुन्या पारशी वा इराणी घराच्या बैठकीत निळ्या-पांढऱ्या नक्षीची फुलदाणी दिसली, तर त्यात नवल ते काय? अशा वस्तूंचा उत्तम नमुना पाहायचा असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा बंधूंचा संग्रह अवश्य पाहावा. मुंबईतही १८७०च्या दशकात जे. जे. कला विद्यालयाच्या जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने कलात्मक मृत्पात्रे घडू लागली. त्यांवर अजिंठ्याची चित्रे उतरली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती आजही आहेत.

ओळख कशी पटवावी?

जुन्या फुलदाणीचा खरा परिचय तिच्या बुडाशी होतो. ती उलटी करून बुडाची कडा पाहावी. वर्षानुवर्षे फळीवर टेकलेल्या कडेवर झीज असते, पण ती सर्वत्र सारखी नसते. कडेवर मुद्दाम फासलेला काळपटपणा बहुधा एकसारखा दिसतो. तळाशी चिनी सम्राटाच्या नावाचा शिक्का आहे, एवढ्यावरून वस्तू त्या काळची ठरत नाही. पूर्वजांविषयीच्या आदरापोटी नंतरच्या कारागिरांनीही जुने शिक्के वापरले आणि नकला करणाऱ्यांनी तर ते वापरलेच. रोमन अक्षरांतील देशाचे नाव मात्र उपयोगी पडते. अमेरिकेने १८९१पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे तळाशी ‘चायना’ किंवा ‘निप्पॉन’ असे छापलेले असेल, तर ती वस्तू सामान्यतः त्यानंतरची समजावी. फुलदाणी तळहातावर तोलून बोटाने हलकेच टिचकी मारावी. अखंड चिनी माती खणखणीत नाद देते, तर केसासारखी चीर असली तर आवाज बद्द येतो.

ती का पडते?

फुलदाणीचे सौंदर्य आणि तिचा धोका एकाच ठिकाणी असतात. अरुंद बूड, भरदार खांदा आणि उंच मान यांमुळे तिचा गुरुत्वमध्य वर राहतो. समजा, बुडाची रुंदी १२ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य २५ सेंटिमीटर उंचीवर आहे. तळाशी वजन घालून तो १५ सेंटिमीटरवर आणला, तर तिला उलथवण्यासाठी दीडपटीहून अधिक जोराचा हेलकावा लागतो. सौम्य धक्क्यांचा आणखी एक छुपा त्रास आहे. एका धक्क्याने वस्तू पडत नाही, पण गुळगुळीत फळीवर ती किंचित सरकते. असे अनेक धक्के बसले की ती नकळत कडेशी येते आणि मग दार आपटले तरी खाली जाते.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. स्वच्छ, कोरडी वाळू कापडी पिशवीत भरून ती फुलदाणीच्या तळाशी ठेवावी. पिशवी उंचीच्या एक तृतीयांशाहून वर जाऊ नये, नाहीतर वजन पुन्हा वर सरकते. डहाणूच्या किनाऱ्यावरची वाळू मात्र थेट घेऊ नये. तिच्यातील क्षार ओलावा ओढतात आणि कच्च्या भाजणीच्या मातीला पोखरतात. भूकंपप्रवण कॅलिफोर्नियातील संग्रहालये काच व चिनी मातीच्या वस्तू खास मेणाने बैठकीला चिकटवतात. वाटाण्याएवढे तीन-चार गोळे बुडाखाली लावून वस्तू हलकेच दाबली की ती घट्ट बसते आणि पुढे अलगद पिळून सोडवता येते. बिनझिलईच्या मातीला हे मेण लावू नये, कारण त्याचा डाग राहतो. फळीच्या पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी ठोकावी आणि फळी भिंतीला पक्की करावी. पलंगाच्या उशाशी, दाराच्या वर किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर जड फुलदाणी कधीही नसावी.

सजावट आणि जपणूक

जुन्या फुलदाणीत थेट पाणी ओतणे टाळावे. आत काचेची नळी किंवा लहान पेला ठेवून त्यात फुले खोचावीत. वाळूची पिशवी ठेवलेली असेल, तर सुकी गवते आणि काटक्याही शोभून दिसतात. एक मोठी फुलदाणी मोकळ्या भिंतीसमोर जितकी खुलते, तितकी दहा वस्तूंच्या गर्दीत खुलत नाही. दिव्याची बैठक करण्यासाठी तिला भोक पाडण्याचा मोह आवरावा, कारण त्या एका छिद्राने तिचे मोल कायमचे घटते. समुद्राच्या खाऱ्या हवेत पितळी फुलदाण्या लवकर काळवंडतात. त्या दर आठवड्याला चिंचेने घासल्यास कोरीव काम झिजते. कोरड्या मऊ कापडाने पुसणे पुरेसे आहे.

एवढे करूनही ती फुटलीच, तर घाईने डिंक लावू नये. बारीक कपच्यांसह सर्व तुकडे कागदात वेगवेगळे गुंडाळून जाणकाराकडे न्यावेत. त्याआधी, ती अखंड असतानाच, चारी बाजूंची आणि बुडाची छायाचित्रे काढून ठेवावीत. घरात ती कोणी, कोठून आणि केव्हा आणली, हेही वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्यांचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना वारसा धाडण्याचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

अनेक घरांत फुलदाणी उरते आणि तिची हकिकत सांगणारे माणूस निघून जाते. मग ती भंगारवाल्याच्या तराजूत जाते किंवा चोरबाजारात निनावी होऊन विकली जाते. जमिनीचा धक्का तिला एका क्षणात फोडतो, तर विसराळूपणा तिला हळूहळू परकी करतो. पहिल्यावर वाळूची पिशवी आणि थोडे मेण हा उतारा आहे, दुसऱ्यावर वहीचे एक पान.