जुन्या पद्मिनीचे ब्रेक आणि चाकाची बेअरिंगं: फट ठेवायची किती?

जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष आधी इंजिनाकडे जातं. माझंही गेलं. काकांची 1986 ची प्रीमिअर पद्मिनी आठ वर्षं चिपळूणजवळच्या आमच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. नवी बॅटरी बसवली, कार्बोरेटर साफ केला, ताजं पेट्रोल घातलं आणि इंजिन सुरू झालं! लगेच व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. काका मागे उभे होते. म्हणाले, "सुरू झाली, छान. थांबते का ते बघितलंस?"

ब्रेकचं पेडल दाबलं तर ते थेट खाली जाऊन टेकलं. पायाला काही लागलंच नाही.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट 1100, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही ती सिनेमात तरी पाहिली असेलच. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. खाजगी गाड्या मात्र अजून आहेत, आणि काकांना त्यांची गाडी कुंभार्ली घाटातून कराडला न्यायची आहे. घाट चढताना इंजिन लागतं. उतरताना काय लागतं ते सांगायला नको.

आता आपण ब्रेक समजून घेऊ. आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. चाकाबरोबर एक लोखंडी डबा फिरतो, तो ड्रम. त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन शू असतात आणि त्यांच्यावर लायनर चिकटवलेला किंवा रिव्हेट केलेला असतो. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब देतो, तो दाब नळ्यांतून प्रत्येक चाकाजवळच्या छोट्या व्हील सिलिंडरपर्यंत पोचतो, तिथले पिस्टन शू बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमला घासतो. द्रव दाबला जात नाही म्हणून हे सगळं चालतं. हवा मात्र दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर तुमचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो, आणि चाक फिरतच राहतं. आमच्या गाडीत तर चारही चाकांना मिळून एकच सर्किट आहे. म्हणजे एका चाकाजवळ गळती झाली की चारही ब्रेक गेले. (नव्या गाड्यांत दोन वेगळी सर्किटं असतात, एक गेलं तरी दुसरं काम करतं.)

खोलायला सुरुवात केली तेव्हा फोन सगळ्यात जास्त उपयोगी पडला, पण यूट्यूबसाठी नाही, कॅमेऱ्यासाठी. ड्रमच्या आत स्प्रिंगा असतात. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, कुठला शू पुढे, हे तासाभरानं अजिबात आठवत नाही. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घ्या, आणि एका वेळी एकच बाजू खोला. अडकलात तर दुसरी बाजू समोर असतेच. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. स्टँड लावा आणि जमिनीवर असलेल्या चाकांना दगड लावा.

मागचा ड्रम निघेचना. आठ वर्षांपूर्वी हँडब्रेक ओढून ठेवला होता, त्यामुळे शू गंजून ड्रमला धरले होते. आधी हँडब्रेकची केबल आणि अ‍ॅडजस्टर ढिले केले, मग लाकडाचा तुकडा मध्ये धरून चहूबाजूंनी हलके ठोके दिले. अर्ध्या तासानं सुटला. जोरात हातोडा मारला असता तर ड्रमला तडा गेला असता. ड्रम बिडाचा असतो, आणि बीड वाकत नाही, फुटतं.

इथे एक गोष्ट जरा दटावूनच सांगतो. ड्रम उघडला की आत काळी भुकटी दिसते. बऱ्याच गॅरेजात ती हवेच्या पाइपनं फुर्रकन उडवतात. तसं करू नका. त्या काळातल्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुप्फुसात जाऊन बसले की अनेक वर्षांनी कॅन्सरसारखे आजार होऊ शकतात. भुकटी पाण्यानं ओली करायची, ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. चांगला मास्क लावायचा. नाकाला रुमाल बांधून उपयोग नाही.

ब्रेक ऑइल बाहेर काढलं तर कोऱ्या चहासारखा रंग! नाव ऑइल असलं तरी ते तेल नाही. साधारण वापरातलं डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि कोकणातल्या हवेत आठ वर्षं म्हणजे विचारूच नका. नवं डॉट 3 निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की हीच मर्यादा 140 अंशांवर येते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतो, उष्णता सिलिंडरपर्यंत जाते, आतलं पाणी उकळतं आणि वाफ होते. वाफ म्हणजे पुन्हा बुडबुडाच. वर ठीक असलेलं पेडल अर्ध्या घाटात खाली जातं ते असं.

पाण्यानं दुसरंही काम केलं होतं. चारपैकी तीन व्हील सिलिंडर आतून गंजले होते. आतल्या भिंतीवर नखाला लागतील असे खड्डे पडले असतील तर नुसता रबर वॉशर बदलून भागत नाही, गळती पुन्हा सुरू होते. आम्ही तिन्ही सिलिंडर नवे घातले. चौथा मी पेट्रोलनं धुणार होतो, तेवढ्यात काका ओरडले, "अरे, रबराची वाट लावशील!" बरोबर होतं. पेट्रोल आणि इंजिन ऑइलनं ब्रेकचे रबर फुगतात. धुवायचं ते ताज्या ब्रेक ऑइलनंच.

आता बेअरिंग. इथे मी चुकलो.

पुढच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंगं निघाली, एक आत, एक बाहेर. रोलर निमुळते असतात, त्यामुळे ते गाडीचं वजनही पेलतात आणि वळणावरचा आडवा रेटाही. जुनं ग्रीस धुऊन टाकलं आणि रोलर उजेडात फिरवून पाहिले. खड्डे, ओरखडे किंवा निळसर डाग दिसले तर बेअरिंग बदला, आणि बदलताना हबमधली बाहेरची कडीसुद्धा जोडीनंच बदला. नवं ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहायची, दुसऱ्या बाजूनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. ऑइल सील नवं घालायचं, नाहीतर ग्रीस लायनरवर येतं आणि तो शू वाया जातो.

मग नट. मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता, त्यात तो माणूस मोठा पाना घेऊन सगळा जोर लावून हबचा नट आवळत होता. मीही तसंच केलं. तीन किलोमीटरची चक्कर मारून आलो तर डाव्या चाकातून जळका वास! हबला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

तो व्हिडिओ चुकीचा नव्हता, पण नव्या गाडीचा होता. नव्या गाड्यांत बेअरिंग बंद डब्यासारखं येतं, आतली फट कारखान्यातच ठरलेली असते, म्हणून नट पूर्ण आवळायचा असतो. जुन्या टेपर बेअरिंगची फट आपण नटानं ठरवतो. ती ठेवलीच नाही तर रोलर दोन्हीकडून चिरडले जातात, तापून आणखी फुगतात, ग्रीस पातळ होऊन वाहून जातं आणि शेवटी बेअरिंग जाम होतं. फट जास्त ठेवली तर चाक डुलतं आणि ड्रमही शूवर वाकडा फिरतो.

काकांची पद्धत अशी. चाक हातानं फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण ढिला करायचा, पुन्हा बोटांनी टेकेपर्यंत आणायचा आणि स्प्लिट पिनचं भोक जुळेल इतपत मागे घ्यायचा. जुळवण्यासाठी कधीही पुढे आवळायचा नाही. राहणारी फट झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे 0.1 मिलिमीटर किंवा त्याहून थोडी कमी. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच खरा. चाक वर-खाली धरून हलवलं की अगदी पुसटशी हालचाल जाणवली पाहिजे. स्प्लिट पिन दर वेळी नवी. दहा रुपयांची वस्तू आहे, पण चाक गाडीला धरून ठेवते ती हीच.

शूचंही तसंच. अ‍ॅडजस्टर फिरवून चाक अडेपर्यंत न्यायचं, मग चाक हलकंसं घासत मोकळं फिरेल इतकं मागे.

शेवटी हवा काढणं. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू केलं. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. काका पेडलवर, मी खाली. "काका, दाबा! धरून ठेवा!" निपल उघडायचं, बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल बंद करायचं, मगच "सोडा!" क्रम चुकला तर हवा परत आत जाते. वरची टाकी रिकामी होऊ दिली तर सगळं पहिल्यापासून. आम्ही ते दोनदा केलं, फोन वाजला होता माझा.

डाव्या चाकाची दोन्ही बेअरिंगं नवी घातली. आता पेडल वरच कडक लागतं. रोज संध्याकाळी गावातल्या सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर जाऊन येतो आणि गाडी थांबली की काका चारही हबना हात लावून बघतात. पुढचे दोन्ही सारखेच कोमट लागतात. मागचा उजवा अजून थोडा जास्त तापतो, त्याचा अ‍ॅडजस्टर रविवारी पुन्हा बघायचाय. तोपर्यंत घाट बंद, असं काकांनी सांगून टाकलंय.