किसणीचे दात आणि पेशींच्या भिंती

एकादशीची सकाळ. निगडीच्या प्राधिकरणातील एका स्वयंपाकघरात उपासाचे दोन पदार्थ होत आहेत. एका शेगडीवर बटाट्याचा कीस, दुसरीवर साबुदाण्याची खिचडी. आता सांगा पाहू, या दोहोंपैकी कोणत्या पदार्थाला किसणी लागली? तुम्ही म्हणाल, “हा काय प्रश्न झाला? बटाट्याच्या किसाला!” उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे पुढे येईलच. तोवर घरातली किसणी आणून समोर ठेवा.

दोष की गुण?

किसणी उजेडाकडे धरून नीट पाहा. पत्र्याला भोके पाडलेली आहेत आणि भोकांच्या कडा एकाच बाजूला वर आलेल्या आहेत. असे का बरे?

निगडीच्या आसपास भोसरी, चिखली, तळवडे या भागांतल्या लहान कारखान्यांत दिवसभर प्रेस चालतात. खाली डाय, वर पंच आणि मध्ये पत्रा. पंच जोराने खाली आला की पत्र्याला भोक पडते. पण धातू अगदी सरळ तुटत नाही. तो आधी ताणला जातो, थोडा वाकतो आणि मग फाटतो. त्यामुळे भोकाच्या दुसऱ्या बाजूला एक बारीक, धारदार कड उरते. कामगार तिला ‘बर’ म्हणतात. मोटारीच्या सुट्या भागावर बर राहिली तर तो भाग जागेवर नीट बसत नाही, शिवाय हात कापतो. म्हणून ती कानशीने किंवा यंत्राने घासून काढावी लागते.

बारीक किसणीत मात्र हीच फाटलेली कड मुद्दाम राखलेली असते. टोकदार पंचाने पत्रा फाडला की प्रत्येक भोकाभोवती दातांचे एक कडे तयार होते. एका कारखान्यात जो दोष, तोच दुसऱ्या कारखान्यात मालाचा गुण! मोठ्या भोकांच्या किसणीची रचना थोडी वेगळी असते. तिथे प्रत्येक भोकाचा एकच ओठ वर उचललेला असतो. सुताराचा रंधा आठवा. अशी किसणी म्हणजे ओळीने बसवलेले चिमुकले रंधेच होत.

सुतारकामाचे आणि किसणीचे हे नाते नुसते कल्पनेतले नाही. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या एका कारखान्यात लाकूड तासण्यासाठी पोलादी कानस बनत असे. 1994 साली कॅनडातील एका गृहिणीने केकसाठी संत्र्याची साल किसायला ती वापरून पाहिली. काम इतके सुरेख झाले, की ते हत्यार पुढे जगभरच्या स्वयंपाकघरांत जाऊन पोहोचले.

वजन तेच, पृष्ठफळ किती?

आता पहिला प्रयोग. 20 ग्रॅम गुळाचा एक खडा घ्या आणि तेवढाच गूळ किसून घ्या. दोन पेल्यांत सारखे आणि सारख्या तापमानाचे पाणी घेऊन दोन्ही एकाच वेळी टाका. ढवळू नका. घड्याळ लावून कोणता गूळ आधी विरघळतो ते पाहा. वजन सारखे, पाणी सारखे, मग वेळ वेगळा का?

थोडे गणित करू. 2 सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ 24 चौरस सेंटिमीटर असते. त्याचे 1 मिलिमीटर बाजूचे बारीक घन केले तर ते 8,000 होतात. प्रत्येकाचे पृष्ठफळ 6 चौरस मिलिमीटर, म्हणजे एकूण 48,000 चौरस मिलिमीटर. याचेच 480 चौरस सेंटिमीटर झाले. पदार्थ तेवढाच, पण पृष्ठफळ 20 पट! विरघळणे, वाळणे, जळणे ही सारी कामे पृष्ठभागावरून चालतात. म्हणून कीस लवकर विरघळतो, लवकर वाळतो आणि लवकर शिजतो.

कोठी आणि किल्ली

पण किसणी आणखी एक काम करते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. लसणीच्या सबंध पाकळीला फारसा वास नसतो. ती किसली की मात्र घरभर वास सुटतो. हा वास आधी कुठे लपला होता? खरे म्हणजे तो तयारच झालेला नव्हता. लसणीच्या पेशीत एक द्रव्य एका कप्प्यात आणि त्यावर क्रिया करणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. किसणीच्या दातांनी पेशी फाटल्या की दोघांची गाठ पडते आणि उग्र वासाचे नवे द्रव्य तयार होते. जणू कोठी आणि तिची किल्ली वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली होती, आणि मधली भिंत पडली.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली दुसरा प्रयोग करा. तीन परीक्षानळ्या घ्या. पहिलीत 5 ग्रॅम कच्च्या बटाट्याचा एक तुकडा, दुसरीत 5 ग्रॅम कच्च्या बटाट्याचा कीस आणि तिसरीत 5 ग्रॅम उकडलेल्या बटाट्याचा कीस ठेवा. प्रत्येकीत औषधाच्या दुकानात मिळणारे 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सारखेच घाला. पहिलीत थोडे बुडबुडे येतील, तर दुसरीत भराभर फेस चढेल. त्या फेसात पेटत्या उदबत्तीचे टोक धरले तर ते अधिक तेजाने फुलेल, कारण तो वायू ऑक्सिजन आहे. बटाट्यातील कॅटालेज नावाचे विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. तिसऱ्या नळीत मात्र जवळजवळ काहीच घडणार नाही. विकर हे प्रथिन असते आणि उकडल्यावर ते निकामी होते.

उरलेले अर्धे उत्तर

तिसरा प्रयोग घरीच करा. 200 ग्रॅम बटाटे बारीक किसा, कीस सुती फडक्यात बांधा आणि पातेल्यातल्या पाण्यात बुडवून पुन्हा पुन्हा पिळा. गढूळ पाणी अर्धा तास स्थिर ठेवा. वरचे पाणी हलकेच ओता. तळाशी पांढरा थर दिसेल. तो धुऊन, वाळवून तोला. यातील चिमूटभर पुडीवर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळा-काळा रंग येईल. हा स्टार्च होय.

बटाट्यात शेकडा 15 ते 20 भाग स्टार्च असतो. म्हणजे तुम्हाला 30 ते 40 ग्रॅम मिळायला हवा. पण हाती कमीच येईल. बाकीचा कुठे गेला? फडक्यातल्या चोथ्यावर आयोडीन टाकून पाहा. तोही निळा होईल! ज्या पेशींपर्यंत किसणीचे दात पोहोचले नाहीत, त्यांतला स्टार्च आतच अडकून राहिला.

नेमके हेच काम तमिळनाडूतील सेलम भागात मोठ्या प्रमाणावर चालते. पूर्वी साबुदाणा आग्नेय आशियातून येई. सागो नावाच्या ताडाच्या खोडातील स्टार्चपासून तो बनत असे. दुसऱ्या महायुद्धात ती आयात बंद पडली, आणि सेलमकडे टॅपिओका म्हणजेच कसावा या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा वाढला. 1981 साली तेथील उत्पादकांची ‘सागोसर्व्ह’ ही सहकारी संस्था स्थापन झाली. तिथे सोललेले कंद एका फिरत्या दंडगोलावर किसले जातात. भोके पाडून दात वर आणलेला पत्रा त्या दंडगोलावर बसवलेला असतो. तुमच्या घरची किसणीच, फक्त गुंडाळलेली आणि यंत्रावर फिरणारी! मग चाळणे, निवळवणे, ओलसर स्टार्च हलवून त्याच्या गोळ्या करणे, भाजणे आणि वाळवणे. म्हणजे दोन्ही शेगड्यांवरच्या पदार्थांना किसणी लागली होती.

जिवावरचा प्रश्न

कसाव्याच्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. या कंदात लिनॅमरिन नावाचे द्रव्य असते, आणि त्याला फोडणारे विकर पेशीच्या भित्तिकेत असते. दोन्ही एकत्र आली की हायड्रोजन सायनाइड हे जहाल विष सुटते. कडू जातींच्या कसाव्यात ते माणसाला घातक ठरण्याइतके असते. मग दक्षिण अमेरिकेतील लोक हजारो वर्षे हा कंद खात कसे आले?

त्यांनी तो किसला! दगडाच्या बारीक चिपा ठोकलेल्या लाकडी फळ्यांवर ते कंद किसत, कीस विणलेल्या लांब थैलीत भरून पिळत आणि मग तव्यावर भाजत. किसल्यामुळे विष आत राहत नाही, बाहेर पडते. थोडे पिळलेल्या रसाबरोबर जाते, आणि हायड्रोजन सायनाइड सुमारे 26 अंश सेल्सिअसलाच उकळत असल्यामुळे उरलेले भाजताना उडून जाते. रसायनशास्त्राचे पुस्तक नसतानाही निरीक्षणाने केवढी अचूक पद्धत बसवली ती! साबुदाण्याचा स्टार्चही असाच किसून, भरपूर पाण्याने धुऊन आणि तापवून होतो, म्हणून तो निर्धोक असतो.

यातील पायऱ्या गाळल्या तर काय होते? 1981 साली मोझांबिकच्या उत्तर भागात दुष्काळ पडला. इतर पिके गेली, कडू कसावा तेवढा तगला. भुकेल्या लोकांना कंद पुरेसे वाळवण्याइतकाही दम धरता आला नाही. ताटात प्रथिनेही नव्हती. एक हजाराहून अधिक माणसांचे पाय अचानक लुळे पडले. त्यांत स्त्रिया आणि मुलेच जास्त होती. ‘कोंझो’ नावाच्या या विकारात गेलेली ताकद परत येत नाही.

तुमच्यासाठी दोन कामे

एक जुनी किसणी प्रयोगांसाठी वेगळी काढा. ती पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. तिच्यावर तीन रंगांचे मेणाचे खडू किसा. किसाचे थर रचून पुस्तकांखाली दाबले की गाळाचा खडक झाला. तो पातळ पत्र्यात गुंडाळून, गरम पाण्यात मऊ करून पुन्हा दाबला की रूपांतरित खडक झाला. मेण पूर्ण वितळवून थंड केले की अग्निजन्य खडक! निगडीत पाया खणताना लागणारा काळा बेसाल्ट असाच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थंड होण्याने बनला.

दुसरे काम सोपे आहे. ओले हळकुंड किसून त्याचा रस टीपकागदावर चोळा आणि वर चुन्याच्या निवळीचा थेंब टाका. पिवळ्याचे लाल होईल. हळदीपासून कुंकू कसे करत असतील, याचा विचार करा.

किसताना तुकडा लहान होऊ लागला की थांबा. बोटे किसणीपासून दूर ठेवा. किसणीला बटाटा आणि बोट यांतला फरक कळत नाही! आणि तिसऱ्या प्रयोगात बारीक व मोठ्या भोकांच्या किसणीने किती किती ग्रॅम स्टार्च निघाला, ते वहीत शेजारी शेजारी लिहा. त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे बारीक किसणीने जास्त फोडलेल्या पेशींचा हिशेब.