गणेशखिंडीतलं लाटसाहेबांचं घर

शिरूर-दौंडकडच्या आपण बायका पुण्याच्या विद्यापीठात जातो त्या कामापुरत्या. मार्कलिस्टवर नाव चुकलं, लग्नानंतर आडनाव बदललं, पोरीचं मायग्रेशन हवं. सकाळची एसटी नाहीतर दौंडची गाडी पकडायची, रांगेत उभं राहायचं, चलन भरायचं आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं. मधोमध उंच मनोऱ्याची ती दगडी इमारत दिसते, पण तिच्याकडे मान वर करून बघायला सवड कुणाला?

मी एकदा काढली, आणि मग तिच्याविषयी मिळेल ते वाचत सुटले. हा होता मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी बंगला. उन्हाळ्यात साहेब महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्यात! त्याआधी त्यांचा मुक्काम दापोडीला असे. तिथल्या बागेतल्या झाडाफुलांची सुरेख चित्रं इथल्याच एका चित्रकाराने १८४७ ते १८५० या काळात काढली. ती एडिंबरोला जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

बार्टल फ्रिअर यांना दापोडी पुरेना. १८६४ मध्ये त्यांनी गणेशखिंडीत काम काढलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव होता, मुंबईत पैसा खुळखुळत होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तेजी बसली, बांधकाम मात्र चालूच. १८७१ मध्ये ते संपेपर्यंत फ्रिअर परतही गेले होते. घर बांधायला काढलं की अंदाजपत्रक कोलमडतंच, हे आपल्याला ठाऊक आहे. पण या उधळपट्टीवरून थेट विलायतेत टीका झाली.

मला अडकवून ठेवलं ते १८९७ सालाने. पुण्यात प्लेग होता. रँडच्या हुकमाने गोरे शिपाई घरात, अगदी देवघरात शिरत, बायकांना चारचौघांत तपासत. पंडिता रमाबाईंनी आपल्या शारदा सदनातल्या एका मुलीची प्लेगच्या इस्पितळात झालेली परवड मुंबईच्या वर्तमानपत्रात जाहीर लिहिली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती तक्रार उडवून लावली. याच दिवसांत रमाबाई आपल्या मुलींचा संसार केडगावला हलवत होत्या. हो, आपल्या दौंड तालुक्यातलं केडगाव! तिथलं मुक्ती मिशन त्यांचंच.

सावित्रीबाई फुलेही याच साथीत गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं आणि त्यांनाच लागण झाली. ती तारीख होती १० मार्च १८९७.

पुढे साडेतीन महिन्यांनी, २२ जूनला, याच बंगल्यात राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांचा सोहळा झाला. गाव नुकतं कुठे प्लेगमधून सावरत होतं आणि इथे रोषणाई! मध्यरात्री परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला. पुढे वासुदेवासह तिघेही भाऊ फासावर गेले. एका घरातले तीन मुलगे. त्या माऊलीचं काय झालं असेल, हे वाचताना माझं पुस्तक मिटलं गेलं.

स्वातंत्र्यानंतर बंगला विद्यापीठाला मिळाला. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं, पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. आणि २०१४ मध्ये विद्यापीठाला नाव मिळालं सावित्रीबाई फुल्यांचं.

माझ्या जुन्या डिग्रीवर नुसतंच ‘पुणे विद्यापीठ’ आहे. आता शिरूर-दौंडच्या कॉलेजांतून पास होणाऱ्या पोरींच्या पदवीवर सावित्रीबाईंचं नाव असतं. खरं सांगू? मला त्यांचा थोडा हेवाच वाटतो.