नाइस… म्हणजे नक्की काय?

मेलला, फोटोला, पोह्यांना आणि पोहे खायला आलेल्या मुलालाही आपण 'नाइस' म्हणून मोकळे होतो. सातशे वर्षांपूर्वी कुणी तुम्हाला 'नाइस' म्हटलं असतं, तर मात्र भांडणच जुंपलं असतं!

मार्च महिना, म्हणजे अप्रेझलचा सीझन. वर्षभर मान मोडून काम केलं होतं, त्यामुळे मी प्रमोशनचे मनात मांडे खात होते. फॉर्म हातात आला. रेटिंग पाचपैकी तीन. आणि शेऱ्याच्या रकान्यात फक्त तीन शब्द : 'व्हेरी नाइस पर्सन.'

बस्स. वर्षभराच्या ओव्हरटाइमचा हिशेब तीन शब्दांत मिटला.

घरी सांगितलं तर आई खूश. 'चांगलंच म्हटलंय की गं! अजून काय हवंय?' पण मला ते टोचत राहिलं. कारण आदल्याच महिन्यात कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातला एक मुलगाही हेच म्हणाला होता. 'मुलगी नाइस आहे, पण…' या 'पण'पुढे काय असतं, ते तुम्हाला माहितीच आहे. शेवटी रविवारी वैतागून हा शब्द आला तरी कुठून, याचा शोध घ्यायला बसले. आणि धक्काच बसला!

मूळचा बावळट

'नाइस'चं मूळ लॅटिनमधल्या 'नेस्कियस' या शब्दात आहे. 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणं. थोडक्यात, अजाण. गंमत म्हणजे याच 'स्कीरे'पासून 'सायन्स' आलं. म्हणजे सायन्स आणि नाइस ही एकाच घरातली भावंडं. एक जाणणारं, दुसरं काहीच न जाणणारं!

फ्रेंचमार्गे १३००च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत पोचला, तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख, बावळट. चॉसर कवीच्या लिखाणात तो याही अर्थानं भेटतो. पुढची दोनशे-तीनशे वर्षं तो नुसता भरकटला. कधी उच्छृंखल, कधी भपकेबाज कपडे घालणारा, कधी आळशी, तर कधी लाजाळू. कुठलीच नोकरी धड न टिकवणाऱ्या आपल्या एखाद्या मित्रासारखा!

मग याच गोंधळातून 'नाक मुरडणारा, चोखंदळ' हा अर्थ पुढे आला. सोळाव्या शतकापर्यंत शब्दाचं नशीबच पालटलं. नाइस म्हणजे काटेकोर, सूक्ष्म, बारीकसा फरकही अचूक ओळखणारा. याची खूण आजही इंग्रजीत शिल्लक आहे. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान फरक नव्हे, अगदी बारीक फरक. 'नाइसिटीज' म्हणजे बारकावे. काहीच न कळणारा शब्द सगळ्यात जास्त कळणारा झाला. याला म्हणतात करिअर!

गोड झाला आणि फसला

चोखंदळ माणसाला पसंत पडेल असं, इथपासून 'छान' फार लांब नाही. अठराव्या शतकात शब्द तिथवर पोचला आणि लोकांनी त्याचा पार पिट्टा पाडला. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी' या कादंबरीत (ती १८१७च्या अखेरीस, तिच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली) हेन्री टिल्नी हा दीडशहाणा नायक यावरून कॅथरीनची टर उडवतो. ती एका पुस्तकाला 'नाइस' म्हणते आणि हा सुरू होतो, की हल्ली पुस्तक, दिवस, फिरणं, माणसं, सगळंच नाइस! मग त्याची बहीण त्याच शब्दाचा जुना, 'अति चिकित्सक' हा अर्थ वापरून त्याचीच फिरकी घेते. सॉल्लिड!

१९२६मध्ये हेन्री फाउलरनं इंग्रजीच्या वापराचा आपला प्रसिद्ध कोश काढला. या शब्दाची सगळी चव गेली, याचं खापर त्यानं कुणावर फोडलं असेल? बायकांवर. अर्थात!

शब्द असे उलटे-सुलटे फिरतातच. 'सिली' हा शब्द एकेकाळी 'धन्य' या अर्थाचा होता, आज त्याचा अर्थ बावळट. आपणही काही कमी नाही. जुन्या धर्मशास्त्रात 'साहस' म्हणजे बळजबरीचा गुन्हा. आज साहसाबद्दल आपण बक्षिसं देतो. आणि एखादी साडी 'भयंकर सुंदर' असते, तेव्हा कुणीच घाबरत नाही.

सर, जरा सांगाल?

एवढा अभ्यास झाल्यावर गप्प बसणं शक्यच नव्हतं. सोमवारी सरळ बॉसच्या केबिनमध्ये गेले. 'सर, नाइस म्हणजे नक्की काय?'

ते हसले. मग थांबले. मग म्हणाले, 'खरं सांगू? तू कुणालाच नाही म्हणत नाहीस. वर्षभरात तीनदा तुझं स्वतःचं काम रखडलं, कारण तू दुसऱ्यांचं करत बसली होतीस. मीटिंगमध्ये चूक दिसते तुला, चेहऱ्यावर कळतं. पण बोलत नाहीस.'

'मग हे लिहिलं का नाहीत?'

'तुला वाईट वाटलं असतं,' ते म्हणाले. 'म्हणून नाइस लिहिलं.'

वाईट वाटलंच. डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी होतं. पण केबिनबाहेर आल्यावर लक्षात आलं, की वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी मला माझ्याबद्दल काहीतरी कामाचं सांगितलं होतं. तेच फॉर्मवर असतं, तर पुढच्या वर्षीसाठी उपयोगी पडलं असतं. लहानपणी खाल्लेलं साखर पेरलेलं 'नाइस' बिस्किट आठवतंय? साखर तेवढी वरवर.

जागेवर येऊन मी माझे सेंट मेल उघडले. टीममधल्या ज्युनिअरनं दोन रात्री जागून चौदा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन पाठवलं होतं. माझं उत्तर : 'नाइस!' खरं तर मी ते पूर्ण पाहिलंही नव्हतं. बॉसवर चिडायचा मला काय हक्क होता?

मग नीट पाहिलं आणि नव्यानं मेल लिहिला. तिसऱ्या स्लाइडवरचा ग्राफ सगळ्यात जमलाय, कारण खर्च कुठे वाढला ते एका नजरेत कळतं. शेवटच्या पाच स्लाइड्स मात्र तेच तेच सांगतात, काढून टाक. त्याचा चेहरा पडला. पण लंचनंतर नऊ स्लाइड्स घेऊन तो स्वतः आला. म्हणाला, 'थँक्स. कुणीतरी नीट वाचलं.'

तर मंडळी, 'नाइस' म्हणणं सोडा असा उपदेश मी करणार नाही. लिफ्टमध्ये कुणाच्या नव्या शर्टला आपण दुसरं काय म्हणणार? पण समोरच्यानं खरंच जीव ओतलेला असेल, तर आणखी एक वाक्य लिहा. नक्की काय आवडलं, नक्की काय खटकलं.

परवा शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता शेजारच्या टीममधून फोन आला. 'अगं, जरा आमचा रिपोर्ट करून देशील? यू आर सो नाइस!'

मी म्हटलं, 'नाही जमणार. माझं स्वतःचं काम बाकी आहे.'

आवाज जरा कापला. पण म्हटलं.